दोष कोणाचा?

१९४७ साली अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांच्या हकीकती तपासल्या. पुष्कळांनी एक दांडी समजून भलतीच ओढली होती. दोष वैमानिकापेक्षा दांड्यांच्या रचनेत अधिक होता. चुकणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे, हे वापरणाऱ्यांच्या अडचणी शोधणाऱ्या आजच्या व्यवसायाचे पहिले सूत्र होय.

अशाच कामाच्या एका जागेसाठी एक तरुणी मुलाखतीस गेली. पीकविम्याचा अर्ज भरताना शेतकरी कोठे अडतात, याचा अभ्यास तिने केला होता. समोर तिघे परीक्षक होते. एकाची नजर घड्याळावर होती. दुसऱ्याच्या प्रश्नातच उत्तर दडलेले होते. ती विचार करण्यासाठी क्षणभर थांबली, तोच तिसऱ्याने पुढचा प्रश्न टाकला. किती शेतकऱ्यांना भेटलात, हे विचारले गेले. ते काय म्हणाले, हे मात्र कोणीच विचारले नाही. पुढे नकाराचे पत्रही आले नाही. आपणच कमी पडलो, असे तिने मनाशी धरले.

उत्तर सुचवणारा प्रश्न टाळावा, समोरच्याची शांतता सोसावी, हे नियम त्या तिघांनाही पाठ असणार. उमेदवार समोर येताच त्यांचे विस्मरण का व्हावे? सर्वांना समान प्रश्न, उत्तरास अवसर आणि निर्णयाचे दोन शब्द, एवढ्याने मुलाखतीची रचना सुधारते. नाहीतर दांडी चुकीच्या जागी बसवायची आणि दोष वैमानिकाच्या माथी मारायचा, हाच जुना प्रकार चालू राहील.