के-फॅक्टर: एक पट्टी वाकवा, आकडा काढा

आज बोलूया पत्र्याबद्दल. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि सोयाबीनसाठी ते बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी यंत्र वापरायला सांगतं. अशा यंत्रावरची बियाण्याची पेटी बनते पत्रा वाकवून. माप चुकलं तर बोल्टची भोकं जुळत नाहीत, पत्रा भंगारात जातो, आणि मृग काही कुणासाठी थांबत नाही.

गोष्ट अशी आहे. पत्रा वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधली एक रेषा मात्र जेवढी होती तेवढीच राहते. ती रेषा आतल्या बाजूपासून किती अंतरावर आहे ते मोजा, त्याला जाडीने भागा. झाला के-फॅक्टर! तो बहुतेक वेळा ०.३ ते ०.५ मध्ये असतो.

आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. २ मिमी पत्र्याची, म्हणजे साधारण १४ गेजची, बरोबर १०० मिमी लांब पट्टी कापा. ९० अंशात वाकवा. आतली त्रिज्या रेडियस गेजने बघा; समजा २ मिमी आली. व्हर्निअरने दोन्ही बाजू बाहेरून मोजा. समजा ५२ आणि ५१.५ आल्या. बेरीज १०३.५, म्हणजे मूळ लांबीपेक्षा ३.५ जास्त.

त्रिज्या अधिक जाडी ४, त्याची दुप्पट ८. त्यातून ३.५ वजा केले, उरले ४.५. ही बेंडमध्ये गेलेली लांबी. तिला १.५७ ने भागा, २.८७ येतात. त्रिज्येचे २ वजा करा, ०.८७. जाडीने भागा. के आला ०.४३.

कुणी म्हणेल, सरळ ०.५ धरू, काय बिघडतं? एका बेंडला ०.२ मिमीचा फरक पडतो. चार बेंडला जवळपास ०.८५. तिथेच भोकं हुकतात!

एक लक्षात ठेवा. मोजताना ०.१ मिमी चुकलं तरी के ०.०३ ने हलतो. म्हणून तीन पट्ट्या वाकवा, सरासरी घ्या. पत्रा बदलला, जाडी बदलली किंवा डाय बदलली, तर पुन्हा पट्टी वाकवायची. आणि आलेला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा: कोणता पत्रा, किती जाडी, कोणती डाय, के किती. मोठा पत्रा कापायचा तो त्यानंतरच.

भेटू पुढच्या भागात!