मुक्त संगणकप्रणाली : रोजच्या कामाला कितपत सिद्ध?



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, गेटसभांत आणि कामगार न्यायालयाबाहेरच्या बाकावर. तेव्हा संगणकाविषयी मी शास्त्र सांगणार नाही. बारामतीच्या आमच्या युनियनच्या कचेरीत आणि इंदापूरच्या शाखेत जे घडले, त्यावरून मला जे वाटते तेवढे सांगेन.

प्रथम विषय स्पष्ट करतो. संगणक सुरू केला की पडद्यावर खिडक्या उघडतात, खाली एक पट्टी दिसते, फायलींचे कप्पे दिसतात. हा सारा मांड म्हणजे डेस्कटॉप. आपल्यापैकी बहुतेकांना तो विंडोजचा ठाऊक आहे आणि त्याची मालकी एका कंपनीकडे आहे. दुसरा प्रकार मुक्त प्रणालीचा. तिची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. परंतु गाभा म्हणजे इंजिन. सामान्य माणसाला बसायला बैठक हवी. ती बैठक करण्यासाठी जर्मनीत मॅथियास एट्रिच यांनी १९९६ मध्ये केडीई हा प्रकल्प सुरू केला. त्यात वापरलेल्या एका भागाचा परवाना त्या वेळी पुरता मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम उभारायला घेतला. मालकीच्या एका कलमावरून माणसे वेगळी चूल मांडतात, हे आम्हा युनियनवाल्यांना चटकन समजते!

आता आमची हकीकत. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आमची यंत्रे जुनी. पुढच्या आवृत्तीच्या अटींत ती बसेनात. यंत्रे मात्र ठणठणीत होती. धडधाकट बैल केवळ वयाचा दाखला नाही म्हणून बाजारात नेऊन उभा करावा, तसा हा प्रकार. सभासदांच्या वर्गणीतून नवी यंत्रे घ्यायला माझे मन होईना. एका तरुण मित्राला बोलावले आणि दिवाळीच्या सुटीत सगळ्या यंत्रांवर लिनक्स मिंट बसवून घेतले. परवान्याला पैसा लागला नाही. यंत्रे पूर्वीपेक्षा हलकी चालू लागली. मी खूष झालो.

सुटी संपली. आमच्या कचेरीतल्या लेखनिक बाई कामावर आल्या आणि तासाभराने माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, सभासदांची यादी उघडत नाही. म्हणजे उघडते, पण नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि एक विचारते. कारखान्यात न विचारता नवं मशीन बसवलं, तेव्हा तुम्ही गेटवर सभा घेतली होती. मला कोणी विचारलं?"

बंधूंनो, तीस वर्षे भाषणे केली, पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याच्या हाताखाली यंत्र चालते त्याला न विचारता यंत्र बदलायचे, हेच तर मालक करतो. ते मी केले होते, आणि तेही स्वातंत्र्याच्या नावाने!

खिचडीचे कारण नंतर कळले. जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट गेला की आतली इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडने १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या. पण आमच्या वीस वर्षांच्या याद्या जुन्याच पद्धतीच्या. रूपांतर करणारी साधने मिळाली, तरी रफार आणि जोडाक्षरे चुकत. ग्रॅच्युइटीच्या दाव्यात नावाचा एक रफार उडाला, तर माणूस दुसराच ठरतो. बाई आणि मी दोन महिने रोज संध्याकाळी एकेक नाव मोठ्याने वाचून जुन्या छापील यादीशी ताडून पाहिले.

मग मुक्त डेस्कटॉप रोजच्या कामाला सिद्ध आहे काय? पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, ईमेल, सरकारी संकेतस्थळांवरचे बहुतेक अर्ज, मराठी टंकलेखन, एवढ्यासाठी तो सिद्ध आहे, असे मी अनुभवाने सांगतो. त्यात इन्स्क्रिप्टची कळपाटी आहे आणि युनिकोडचे मराठी फाँट मोफत मिळतात. जिथे केवळ विंडोजसाठी केलेले हिशेबाचे पॅकेज आहे, आडमुठा प्रिंटर आहे किंवा जुन्या फाँटांचे दप्तर आहे, तिथे अडचण आहे. आम्ही एक यंत्र जुन्या प्रणालीवर परत नेले. ते इंटरनेटला जोडत नाही, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

परंतु खरी सिद्धता माणसांची. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये मुक्त प्रणालीकडे वळण्याचे ठरवले, हजारो यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. उलट आपल्याच देशात केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली टिकली. तिथे यंत्रांबरोबर शिक्षकांना शिकवण्याची व्यवस्था उभी केली होती. पाटाला पाणी सोडले म्हणजे शेत भिजत नाही. बारे देणारा माणूस बांधावर लागतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या आपणां मंडळींना हे मी काय सांगावे?

तेव्हा माझी सूचना एवढीच. ज्या पतसंस्था, शाळा आणि वाचनालये जुनी यंत्रे भंगारात काढू पाहत आहेत, त्यांनी आधी एकाच यंत्रावर मुक्त प्रणाली घालून पाहावी. त्या यंत्रावर बसणाऱ्याला महिनाभर वापरू द्यावी आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. परवान्याचे जे पैसे वाचतील, त्यातले काही शिकवणाऱ्याला द्यावेत. फुकटचे सॉफ्टवेअर आणि फुकटची मेहनत, दोन्ही एकदम मागू नये.

आमच्या लेखनिक बाई हल्ली महिन्यातून दोनदा इंदापूरच्या शाखेत शिकवायला जातात. त्या दिवसांचा भत्ता त्यांनी माझ्याकडून भांडून घेतला. तो त्यांचा हक्कच होता, आणि मागितल्यावाचून मला सुचला नाही, हेही इथे कबूल करतो.