घरपट्टीच्या कागदावर आपलं नाव

 

मेहरूण म्हटलं की लोकांना तलाव आठवतो, नाहीतर बोरं आठवतात. एके काळचं हे गाव आज जळगाव शहरात आहे. 2003 साली जळगावची महापालिका झाली, तेव्हापासून आमची घरपट्टी महापालिकेची. पण शिरसोली, कुसुंब्यासारख्या गावांत अजून ग्रामपंचायतीची घरपट्टी येते. आपल्यापैकी कित्येकींचं सासर शहरात आणि माहेर गावात, नाहीतर उलटं. म्हणून आज दोन्ही कागदांबद्दल बोलू.

घरपट्टीचं बिल घरात येतं तेव्हा काय होतं? बिल देवघराच्या फळीवर जातं, नाहीतर धन्याच्या खिशात. आपण विचारतो, "किती आली?" आकडा ऐकतो आणि कामाला लागतो. आमचं म्हणणं एवढंच, की या कागदाला आकड्याशिवाय आणखी तीन प्रश्न विचारायचे. नाव कोणाचं आहे? आकडा कशावरून काढला? आणि आपल्याला सवलत कोणती?

पहिला प्रश्न नावाचा, आणि तोच सगळ्यांत मोठा.

ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना 8 मध्ये असते. ती कर आकारणीची वही. किती कर मागायचा ते नमुना 9 मध्ये, आणि पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना 10. पैसे दिले की पावती घ्यायचीच. "नंतर देतो" हे चालवून घ्यायचं नाही. नमुना 8 चा उतारा मागणं हा आपला हक्क आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली तो ठरावीक मुदतीत मिळायला हवा.

आता तो उतारा हातात घ्या आणि मालकाचा रकाना वाचा. बहुतेक घरांत सासऱ्यांचं नाव असतं, कुठे नवऱ्याचं. कुठे माणूस जाऊन दहा वर्षं झाली तरी त्याचंच नाव चालू असतं. घरकुलाचीही तीच गत होते. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करावं असा नियम आहे. पण जागा सासऱ्यांची, म्हणून नमुना 8 वर नाव सासऱ्यांचं. विटा आपण वाहिल्या, भिंतीवर पाणी आपण मारलं, आणि कागदावर आपण नाहीच.

आपल्या राज्यात 2003 साली ग्रामविकास विभागाने सांगून ठेवलं आहे, की ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहत्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. "घर दोघांचे" या नावाने ही मोहीम ओळखली जाते. तिला वीस वर्षं उलटून गेली. तुमच्या घरापर्यंत ती पोचली का, ते उताराच सांगेल.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा, असं ते काम. आपल्या जळगाव जिल्ह्यातलं विटनेर गाव त्यासाठी तेव्हा नावाजलं गेलं. पुढे 1992 साली सरकारनेही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी लक्ष्मीमुक्ती योजना आणली. शेतात जे जमलं ते घरात का जमू नये?

आता एक खरी गोष्ट स्पष्ट सांगतो. घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे कायद्याने मालकी मिळाली, असं नाही. मालकी खरेदीखताने, बक्षीसपत्राने किंवा वारसाहक्काने येते. मग नावाचा उपयोग काय? एक, कर थकला तर नोटीस आपल्या नावे येते, घर आपल्या नकळत अडकत नाही. दोन, आपण इथे राहतो याचा तो लेखी पुरावा असतो. तीन, आणि हे नीट ऐका, स्वामित्व योजना. 24 एप्रिल 2020 ला ही योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजतात आणि घराची सनद, म्हणजे मिळकत पत्रिका देतात. त्या पत्रिकेवर नाव घालताना आधी ग्रामपंचायतीचं दप्तर बघतात. म्हणजे आज नमुना 8 वर आपण नसलो, तर उद्या सनदेवरही नसणार. नंतर दुरुस्तीला किती खेटे पडतात ते सांगायला नको.

नाव लावायचं कसं? घर नवऱ्याच्या नावे असेल तर दोघांच्या सहीचा साधा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. "आमच्या मालकीचे घर क्रमांक अमुक, त्याची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, ही विनंती." सोबत उतारा, आधार, भरलेल्या कराची पावती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घर सासऱ्यांच्या नावे असेल तर आधी त्यांच्या संमतीने वाटणी किंवा बक्षीसपत्र करावं लागतं. राहतं घर बायकोला, मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा विधवा सुनेला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो नोंदणी कार्यालयात आधी विचारून घ्या.

घरधनी गेला असेल तर वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या. हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असेल तर तीही, हे पहिले वारस. आमच्या ओळखीच्या एका मावशीला दिराने सांगितलं, "तुझं नाव कशाला, आम्ही आहोत ना." सहा वर्षं घरपट्टी मावशीने भरली, पावत्या फाटल्या त्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने. पुढे वाटणीची बोलणी निघाली तेव्हा मावशीचं नाव एकाही कागदावर नव्हतं. हक्क होता, पण तो दाखवायला दोन वर्षं चकरा माराव्या लागल्या. आणि ज्या बहिणीला घराबाहेर काढायची भाषा होते, तिनेही ऐकावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर कोणाच्याही नावे असलं तरी, नांदत्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे.

दुसरा प्रश्न आकड्याचा.

2015 च्या अखेरीस ग्रामपंचायतीच्या कराचे नियम बदलले. आता घराच्या भांडवली मूल्यावर कर बसतो. शब्द मोठा आहे, पण हिशेब चार गोष्टींवर चालतो: घराचं क्षेत्रफळ किती, बांधकाम मातीचं की सिमेंटचं, घर किती जुनं, आणि वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी. मातीच्या घराला कमी, स्लॅबच्या घराला जास्त. जुन्या घराला घट. दुकानाला राहत्या घरापेक्षा जास्त. या चारही गोष्टी उताऱ्यावर तपासा. मागची खोली पावसात पडली तरी ती अजून लिहिलेली आहे का? ओसरीवर शिलाई मशीन ठेवलं म्हणून सगळं घर दुकान धरलं का? दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते. तेव्हा यादी लावतात आणि हरकती मागवतात. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तरच उपयोग. मुदत गेल्यावर पारावर कितीही बोललं तरी आकडा बदलत नाही. महापालिकेतही हेच. नोटीस आली की तिच्यावरची तारीख आधी वाचा.

तिसरा प्रश्न सवलतीचा. यात ऐकीव गोष्टी फार, म्हणून सावकाश सांगतो.

ग्रामपंचायतीत वर्षाची घरपट्टी 30 सप्टेंबरच्या आत भरली तर 5 टक्के सूट आणि 31 मार्च उलटला तर 5 टक्के दंड, अशी रीत आहे. 1200 रुपयांच्या बिलात 60 रुपये वाचतात किंवा 60 रुपये वाढतात. महापालिकेत थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. आपल्या गटाच्या कर्जाचा हिशेब आठवा, शेकडा दोन. 5000 थकले तर महिन्याला 100, वर्षाला 1200. 50 महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते. महापालिका अधूनमधून अभय योजना काढते, तेव्हा शास्तीत माफी मिळते. मूळ कर माफ होत नाही. पण अभय योजनेची वाट बघत कर थकवणं म्हणजे पावसाची वाट बघत हंडा फोडून ठेवणं.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका राहत्या घराचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्याने 2020 साली घेतला. खान्देशात फौजेत गेलेली घरं पुष्कळ. तुमच्या गल्लीत अशी माय असेल तर तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र घेऊन अर्ज करायला सांगा. अर्ज न करता माफी लागत नाही. इतर विधवा बहिणींची घरपट्टी मात्र आपोआप माफ होत नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे. ती माफी फक्त मुंबईची, आपल्याकडे लागू नाही. पिंपरी-चिंचवडला बाईच्या नावे असलेल्या राहत्या घराला सामान्य करात सवलत देतात. हे ऐकून आपल्या नगरसेवकांना, सरपंचांना विचारायला हरकत नाही: तिकडे जमतं, तर आपल्याकडे ठराव का होऊ नये? आणि नवीन घर विकत घेणार असाल तर लक्षात ठेवा, 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात.

आता भाड्याने राहणाऱ्या बहिणींचं. गावाकडून जळगाव-धुळ्याला कामाला आलेल्या, मुलांच्या शिक्षणासाठी खोली घेतलेल्या पुष्कळ जणी आहेत. घरपट्टी भरायची पहिली जबाबदारी मालकाची. मालकाने थकवली आणि महापालिकेने राहणाऱ्याकडून वसूल केली, तर ती रक्कम भाड्यातून वळती करता येते. पावती मात्र जपून ठेवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारीही त्याचीच. भाडं वाढवायला म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. तोंडी बोलण्यावर खोली घेऊ नका. पावती नाही तर राहण्याचा पुरावा नाही, आणि पुराव्याविना रेशन कार्डाचंही काम अडतं.

शेवटी, आपण भरलेला पैसा जातो कुठे? दिवाबत्ती, पाणी, सफाई हे तर आहेच. पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, 5 टक्के दिव्यांगांसाठी. समजा पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न सहा लाख. म्हणजे 60 हजार रुपये आपल्या आणि लेकरांच्या कामाचे. ते कशावर गेले, हे कधी विचारलं का? संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावाने पूर्ण कर भरणाऱ्या घराला दळण फुकट दळून द्यायची सोय केली. लोक आपणहून कर भरू लागले, कारण पैसा परत येताना दिसला.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे. त्या सभेत दोन ठराव मांडा. पहिला, गावातल्या सगळ्या राहत्या घरांची नोंद दोघांच्या नावे करण्याची मोहीम घ्यावी. दुसरा, 10 टक्के निधीचा हिशेब फलकावर लावावा. एकटीने विचारलं तर "बघू" म्हणतात. वीस जणी बसल्या की वही उघडते.

म्हणून या महिन्यात एक काम करू. गटाच्या बैठकीला बचतीच्या पैशांबरोबर प्रत्येकीने घरपट्टीची पावती आणि उतारा आणायचा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचायचं: नाव, क्षेत्रफळ, बांधकाम, वापर, थकबाकी. ज्या ज्या कागदावर बाईचं नाव नाही, तिथे त्याच बैठकीत अर्ज लिहायचा. किती अर्ज दिले आणि किती नोंदी झाल्या, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते आकडे आपण सगळ्यांना ऐकवू.