आजी, आपल्या घरात येशू कधी आला?

कात्रजहून बोलतेय. मागून हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. खिडक्या सगळ्या लावल्यात, पण कात्रज चौकाला कडी घालता येत नाही.

आजचा विषय आहे, घरातल्या मुलांपर्यंत विश्वास कसा पोचतो. तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ताई, आमचं अजून लग्न नाही, मुलं कुठली? तरी ऐका. कारण यातला अर्धा प्रश्न तुमचाच आहे. तुमच्यापर्यंत तो कसा आला, हे तुम्हाला नीट माहीत आहे का?

आपल्याकडे साधारण ठरलेलं असतं. रविवारी संडे स्कूल, मे महिन्यात व्हीबीएस, नाताळात मेंढपाळांचं नाटुकलं, पाठांतराची वचनं आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी. हे सगळं हवंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो आठवड्यातला एक तास झाला. बाकीचा आठवडा मूल आपल्या घरात असतं आणि बघत असतं. बाबांनी जेवणाआधी डोळे मिटून छान प्रार्थना केली आणि आमेन म्हणून डोळे उघडले ते थेट भांडी घासायला आलेल्या मावशींवर खेकसले. मुलाचं दोन्ही पाठ झालं. उलट एखाद्या रात्री आईबाबांचं कडाक्याचं भांडण झालं आणि सकाळी चहा घेताना बाबा मुलांसमोर म्हणाले, "काल माझं चुकलं गं", तर क्षमा या विषयावर त्या घरात वेगळा धडा घ्यायची गरज उरत नाही.

पवित्र शास्त्रात अनुवादाचा सहावा अध्याय आहे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना मुलांशी देवाच्या गोष्टी बोलत राहा, असं तिथे सांगितलंय. हा भाग आपल्याला माहीत असतो, कित्येकांच्या हॉलमध्ये त्याची फ्रेम असते. पण त्याच अध्यायाच्या शेवटी काय आहे, तिकडे आपण फारसे जात नाही. विसाव्या वचनापासून वाचा. मुलगा बापाला विचारतो की हे सगळे नियम कशासाठी? आणि बापाने नियम समजावत बसायचं नाही, घराण्याची गोष्ट सांगायची. कुठून सुरुवात करायची? मिसरातल्या गुलामीपासून. मग देवाने तिथून कसं बाहेर काढलं ते.

म्हणजे बघा, गोष्टीची सुरुवातच अशा ठिकाणी आहे जे आपण पाहुण्यांसमोर सांगणार नाही.

आता आपल्याकडे या. पुण्यातल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांचं मूळ नगर, राहुरी, संगमनेर, जालना या पट्ट्यात आहे. पणजोबा गावकुसाबाहेर राहणारे. गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नाही, शाळेत बसायची सोय नाही. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आलं 1831 साली, आणि त्यांनी शाळा काढल्या. तिथे सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा होती. ती पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. ही आपल्या आजीपणजीच्या गावाकडची गोष्ट आहे. पण आपल्या मुलांना ती कोण सांगतं?

मूल शाळेतून येतं आणि विचारतं, "मम्मी, तो म्हणाला तुम्ही पैसे घेऊन धर्म बदलला. खरंय का?" आणि आपण म्हणतो, "लक्ष देऊ नकोस, होमवर्क कर." माझ्या मते विश्वास पुढे जायचा असतो तो नेमका या मिनिटाला, आणि आपण दार लावून घेतो. सांगा ना त्याला. हो, दुष्काळ होता, मिशनने धान्य दिलं, आणि भुकेल्याने ते खाल्लं. त्यात लाज कसली? जे लोक तुमच्या पणजोबांना सावलीलाही उभं करत नव्हते, तिथे कुणीतरी त्यांना शेजारी बसवून पाटी दिली, आणि त्यांना वाटलं की हा देव आपल्याला ओळखतो. हेही सांगा की जात पुढे चर्चमध्येही शिरली. लपवू नका. मुलं मोठी झाल्यावर त्यांना ते कळतंच, आणि मग त्यांना वाटतं, घरच्यांनी आणखी काय काय लपवलं?

ज्या घरात दोन मतं होती अशा घराची एक गोष्ट सांगते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, आणि हे त्यांना मान्यही नव्हतं. काही काळ त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे नगरला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. विचार करा, एकाच मुलाचे वडील ख्रिस्ती कीर्तनकार आणि आईचा स्वयंपाक वेगळा! लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जात गेली, ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. पाच वर्षं लागली. दत्तूने ती पाच वर्षं घरात बसून बघितली.

टिळक शांत स्वभावाचे होते अशी कुणाची समजूत असेल तर 'स्मृतिचित्रे' वाचा. बाई नवऱ्याचा राग, विसराळूपणा, घरात पैसा न टिकणं, सगळं हसत हसत सांगतात. आणि ते पुस्तक झालं कसं? मोठा झालेला दत्तू, म्हणजे देवदत्त, वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईच्या मागे लागला की तुझ्या आठवणी लिहून दे. पहिला भाग 1934 साली आला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनीच पुरं केलं. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची टिपांसह आवृत्ती काढली. शाळेत न गेलेल्या बाईला मुलाने प्रश्न विचारला म्हणून मराठीला एवढं पुस्तक मिळालं!

बरं, रोजच्या जगण्यातला आणखी एक प्रश्न. सोसायटीचा गणपती. "मम्मी, आरतीला जाऊ? मोदक खाऊ?" प्रत्येक घराचं उत्तर वेगळं आहे. आमच्याकडे मंडपात जायचं, खुर्च्या लावायच्या, पंगतीत वाढायला उभं राहायचं, आरतीच्या वेळी मागे शांत उभं राहायचं, असं आहे. प्रसादाबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत. करिंथच्या मंडळीतही अशाच जेवणावरून वाद होते, पौलाने त्यावर बरंच लिहिलंय. मुद्दा असा की उत्तर देताना कारण सांगा, मुलाला उलट विचारू द्या, आणि शेजाऱ्याच्या देवाबद्दल घरात वाकडं बोलू नका. शेजारच्या काकू रात्री दोन वाजता आपल्या तापलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात येतात. मुलाला ते दिसतं.

भाषेचंही बोलायला हवं. मुलं इंग्रजी शाळेत, गाणी यूट्यूबवरची इंग्रजी, आणि आजी 'उपासना संगीत' उघडून टिळकांची पदं म्हणते ती नातवाला कळतच नाहीत. इंग्रजी गाणी बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण रात्री झोपताना एक पद मराठीत म्हणा, अवघड शब्द आला तर थांबून अर्थ सांगा. दोन मिनिटं लागतात. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईसमध्ये होता, मग आई युनीकेमध्ये, असं पौल लिहितो. तिथे त्याच्या वडिलांचं नावही नाही. बाबा लोकांनो, हे जरा मनावर घ्या.

तर या आठवड्यात एक करा. फोनमध्ये रेकॉर्डर आहे ना? आजी किंवा आजोबांसमोर बसा, गावी असतील तर कॉल करा, आणि विचारा: आपलं गाव कोणतं? आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला? भाऊबंद काय म्हणाले? तेव्हा घाबरला होतात का? मध्ये बोलू नका, त्या रडल्या तर फोन बंद करू नका. फाइलला नाव आणि तारीख देऊन ठेवा, आणि घरातल्या लहानांना जेवताना ऐकवा. मग ते काय विचारतात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.