शुक्रतारा : गाण्यातला दुसरा आवाज

 

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंनी मोबाईलवर ‘शुक्रतारा मंद वारा’ लावलं. आम्ही सगळ्या गुणगुणू लागलो. गाणं कुणाचं, असं विचारल्यावर लगेच उत्तर आलं, अरुण दाते! मग एका आजींनी विचारलं, “आणि ती बाई कोण गं?” आम्ही गप्प.

म्हणून माहिती काढली. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं हे प्रेमगीत. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. आकाशवाणीनेच ते घरोघरी पोचवलं. अरुण दाते इंदूरचे. आपले मराठी उच्चार नीट नाहीत, म्हणून ते मराठी गायला कचरत होते. खळ्यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलं. पुढे ‘शुक्रतारा’ याच नावाने दात्यांनी गावोगावी अडीच हजारांवर कार्यक्रम केले.

आणि ती बाई म्हणजे सुधा मल्होत्रा. जन्म दिल्लीचा, मराठी काही त्यांची मातृभाषा नव्हे. तरी ऐकताना कुठे परकं वाटतं का? १९५९ च्या ‘दीदी’ सिनेमातल्या एका गाण्याला तर चालही त्यांनीच लावली होती. १९६० मध्ये लग्न झालं आणि त्यांनी सिनेमासाठी गाणं थांबवलं. वय तेव्हा अवघं चोवीसच्या आत-बाहेर. म्हणजे ‘शुक्रतारा’ गायल्या, तेव्हा सिनेमातलं गाणं मागे पडलं होतं. पुढे १९८२ च्या ‘प्रेमरोग’मध्ये त्यांचा आवाज पुन्हा आला, आणि २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सांगितल्यावर बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, “मी पण माहेरी गायची. इकडं आल्यावर कुणी विचारलंच नाही.” खरं सांगतो, आम्हालाही त्या दिवशीच कळलं. पाच वर्षं त्यांची सही घेतोय, पण गळा माहीत नव्हता.

आपल्याकडच्या धवलारणींचंच बघा. त्यांच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, लग्न लागत नाही. पण पत्रिकेत मामा, काका, आत्या सगळ्यांची नावं असतात, धवलारणीचं नसतं. ती म्हातारी गेली की गाणी पण गेली.

तेव्हा एक काम करू या. पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं गाण्याची. ओवी म्हणा, धवळा म्हणा, नाहीतर ‘शुक्रतारा’ म्हणा. सचिवताईंनी इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं, गाणं कुठलं, कुणाकडून शिकली, आणि म्हणणारीचं पूर्ण नाव. ‘अमक्याची सून’ असं नको.

पहाटे भाकरीला उठलात आणि शुक्राची चांदणी दिसली, तर त्या दुसऱ्या आवाजाची आठवण काढा. पुन्हा भेटू. नमस्कार.