कागदातले चिन्ह आणि कागदावरचे चिन्ह



आपल्या शेजारच्या एरंडोलला पूर्वी हातकागद बनत असे. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात तशी नोंद आहे, यावलचीही आहे. असा जुना कागद उजेडापुढे धरला की चाळणीच्या काड्यांच्या रेघा दिसतात. इटलीतील फाब्रियानो गावच्या कारागिरांनी तेराव्या शतकात चाळणीवर तारेची आकृती बसविली. तारेवर लगदा पातळ बसतो, तिथून उजेड जास्त येतो. हेच जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क. खिशातली शंभराची नोट धरून पाहा, गांधीजी दिसतील. ते चिन्ह ओल्या कागदाच्या अंगातच गेलेले असते.

संगणकातले जलचिन्ह मात्र वरून घातलेले असते. ते मी का शिकलो, ते सांगतो. माझ्या भाचीच्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही आधारच्या प्रती दोन-तीन ठिकाणी दिल्या. पुढे तिच्या नावावर एक अनोळखी सिमकार्ड निघाले. प्रत कुठून फुटली, ते आजवर कळले नाही. तेव्हापासून आमच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर तिरके लिहिलेले असते : ‘फक्त शिष्यवृत्ती अर्जासाठी’, खाली तारीख आणि घेणाऱ्याचे नाव. आधारची तर, चालत असेल तिथे, पहिले आठ आकडे झाकलेलीच प्रत द्यावी.

हे काम पायथन भाषेतील ‘पिलो’ या साधनाने दहा-पंधरा ओळींत होते. चित्र उघडायचे, त्याच मापाचा पारदर्शक थर घ्यायचा, त्यावर फिकट अक्षरे लिहून दोन्ही एकजीव करायचे. शंभर मुलांच्या प्रती असल्या तरी आज्ञा तीच. अक्षरे कोपऱ्यात नकोत, फोटोवरून जावीत. कोपरा कापायला कात्री पुरते! चित्रफितीसाठी ‘एफएफएमपेग’ आहे. एका आज्ञेत ते प्रत्येक चौकटीवर संस्थेचे बोधचिन्ह उमटविते.

पण फसू नका. पीडीएफमध्ये चिन्हाचा थर वेगळा राहिला, तर जाणकार तो सहज उचलतो. म्हणून आधी पानाचे चित्र करावे. तरीही पुसणारी साधने आहेतच. अदृश्य चिन्हही घालता येते : एखाद्या ठिपक्याची छटा २०० ऐवजी २०१ केली, तर डोळ्याला कळत नाही. मात्र व्हॉट्सॲपवरून चित्र दाबून गेले की अशी खूण बहुधा नाहीशी होते. तेव्हा गुणपत्रिका खरी की खोटी हे चिन्हावरून ठरवू नये. ती डिजिलॉकरमध्ये किंवा मंडळाकडे पडताळावी.

दहावीच्या मुलांनी रविवारी संगणक कक्षात यावे. कागदपत्रे स्वतःचीच आणावीत, शेजाऱ्याची नकोत.