शरदांतील कुंड्या आणि शोभेची मिरची

आश्विनाचा पहिला पंधरवडा उलटला, म्हणजे भंडारा जिल्ह्यांत आकाश धुऊन काढल्यासारखें निर्मळ दिसूं लागतें. वैनगंगेचें पाणी निवळतें, बांध्यांतील धान लोंब्यांच्या भारानें वाकतें आणि घरोघरीं दिवाळीच्या साफसफाईस आरंभ होतो. गच्चीवरील व अंगणांतील कुंड्यांची स्थिति मात्र या दिवसांत फारशी शोभिवंत नसते. तेरडा सुकून गेलेला असतो, शेवंतीच्या कळ्या अजून उमलावयाच्या असतात, आणि झेंडू तेवढा तोरणांच्या व हारांच्या वाट्यास जातो. ही उणीव भरून काढणारें एक झाड आहे. तें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण स्वयंपाकघराशीं त्याचा अतिपरिचय आहे. तें झाड म्हणजे मिरची.

येथें अभिप्रेत असलेली मिरची बाजारांतील लांब, लोंबती मिरची नव्हे. शोभेच्या मिरचीचें झुडूप एक-दीड फूट उंचीचें, भरगच्च फांद्यांचें असतें, आणि तिचीं पेराएवढीं फळें पानांच्या वर, आकाशाकडे तोंड करून उभीं राहतात. एकाच झाडावर जांभळीं, पिवळीं, नारिंगी व तांबडीं फळें एकाच दिवशीं पाहावयास मिळतात. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथील विद्यापीठानें काढलेलें ‘न्यूमेक्स ट्वायलाइट’ हें वाण असें चौरंगी आहे. तेथील कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलेल्या ‘ब्लॅक पर्ल’ या वाणाचीं पानेंच मुळीं काळसर असून त्याचीं मण्यांसारखीं काळीं फळें पिकतांना तांबडीं होतात. त्यास २००६ सालीं तिकडील पुरस्कारहि मिळाला. परंतु परदेशी पुडकेंच हवें असें नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचें ‘पुसा सदाबहार’ हें खाण्याचें वाण. त्याचीं फळें झुबक्यांनीं व ऊर्ध्वमुख येतात, आणि कुंडींत तें फार देखणें दिसतें.

खाण्याची वस्तु केवळ पाहण्यासाठीं लावणें हें भिवापूरच्या शेजाऱ्यांस थोडें विचित्र वाटेल. पवनी तालुक्याच्या शेजारचें, नागपूर जिल्ह्यांतील भिवापूर हें मिरचीसाठीं नांवाजलेलें गांव. तेथील मिरचीस भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. लाल मिरचीचे ढीग उन्हांत पसरलेले पाहण्याची ज्यांस सवय, त्यांनीं “कुंडींत दोन झाडें लावून पोटाला काय मिळणार?” असें विचारणें साहजिक आहे. परंतु मिरचीचा इतिहासच असा आहे कीं, कित्येक ठिकाणीं ती ताटाच्या आधीं बागेंत मानाला चढली. ती मूळची अमेरिका खंडांतील. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपांत गेली, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास लागली. त्यापूर्वीं इकडे तिखटाचें काम मिरी व पिंपळी करीत. ‘मिरची’ या नांवांतच मिरी लपलेली आहे. १५४२ सालीं फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत मिरचीचीं चित्रें छापलीं, तीं ‘कालिकतची मिरी’ या नांवानें. ही वनस्पति हिंदुस्थानांतील, अशी त्याची समजूत होती. पुढें १६१३ सालीं बेसलर यानें एका बिशपच्या बागेंतील वनस्पतींचा चित्रग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत मिरचीचे कितीतरी प्रकार मोठ्या हौसेनें काढलेले आहेत.

फळांवरील रंगांचा खेळ कसा चालतो, हें समजलें म्हणजे बऱ्याच चुका टळतात. कच्च्या फळांत हरितद्रव्य असतें. शोभेच्या जातींत त्यावर अँथोसायनिन या द्रव्याची जांभळी झांक चढते. फळ पिकूं लागलें कीं हीं दोन्ही विरत जातात, आणि पिवळीं व तांबडीं द्रव्यें प्रकट होतात. लाल रंगाचें मुख्य द्रव्य कॅप्सॅन्थिन हें होय. प्रत्येक फळ निरनिराळ्या दिवशीं धरलेलें असतें, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. जांभळा रंग चांगला चढावयास भरपूर ऊन लागतें. सावलींत ठेवलेल्या झाडाचीं फळें फिकट, हिरवटच राहतात. मग विक्रेत्यानें खोटें बीं दिलें, अशी तक्रार होते. दोष बहुधा जागेचा असतो.

सर्वांत मोठी फसगत पेरणीच्या वेळेंत होते. परदेशी पुडक्यावर फेब्रुवारी-मार्चमध्यें पेरा, असें छापलेलें असतें. थंड देशांत त्या वेळीं रोपें घरांत उबेला वाढवितात. झाड शरदांत ऐन भरांत येतें आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीनें मरून जातें. भंडाऱ्यांत तोच पाठ गिरविला, तर झाड फुलावर येतें तें मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या घरांत गेलेला असतांना. दिवसा ३५ आणि रात्रीं २५ अंशांच्या वर उष्मा राहिला, म्हणजे मिरचीचें फूल फळ न धरतां गळतें. घरचीं माणसें मोठ्या निष्ठेनें पाणी घालीत राहतात, आणि रोज सकाळीं कुंडीखालीं फुलांचा सडा पडतो. उलट, दसरा तोंडावर आल्यावर ज्यांस मिरचीची आठवण होते, त्यांच्या झाडास रंग येईपर्यंत दिवाळी केव्हांच आटोपलेली असते; शिवाय थंडींत फळें फार सावकाश पिकतात.

बीं पेरल्यापासून फळें रंगेपर्यंत साधारण १६ ते १८ आठवडे जातात. म्हणून पंचांग उघडून दिवाळीपासून सतरा आठवडे मागें मोजावे. २०२६ सालचें लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरचें. त्या वर्षाची पेरणी १२ जुलैच्या सुमारास येते. दिवाळी ऑक्टोबरांत पडली, तर पेरणी जूनच्या उत्तरार्धांत करावी लागते. म्हणजे शेतकरी ज्या दिवसांत धानाचे पऱ्हे टाकतो व रोवणीसाठीं आभाळाकडे पाहतो, तेच हे दिवस.

अडचण पावसाची आहे. उघड्यावर ठेवलेलीं कोवळीं रोपें बुडाशीं कुजून एका रात्रींत कोलमडतात. तेव्हां पसरट भांड्यांत बीं पेरून तें ओसरीच्या कडेला, उजेड मिळेल पण पागोळ्यांचें पाणी लागणार नाहीं, अशा बेतानें ठेवावें. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. पांच आठवड्यांनीं, सहा पानें झालीं म्हणजे एकेक रोप आठ इंची कुंडींत हलवावें. रोप वीतभर झालें कीं शेंडा एकदांच खुडावा, म्हणजे तें अंगानें भरतें; पुनःपुन्हां खुडीत बसलें तर फुलोरा लांबणीवर पडतो.

मातीच्या बाबतींत भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचें ज्ञान उपयोगी पडतें. तो जमिनीस कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी अशीं नांवें देतो. काळी कन्हार शेतांत चांगली, पण कुंडींत वाईट. ती पाणी धरून बसते, आणि वाळली कीं भेगाळून मुळें तोडते. हलकी, रेताड सिहार दोन भाग आणि चांगलें कुजलेलें शेणखत एक भाग, एवढ्यावर मिरची सुखानें वाढते. खताचा अतिरेक करूं नये. नत्र फार झालें कीं झाड पानांनीं माजतें आणि फळें थोडीं येतात. भंडारा हें पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध शहर, त्यामुळें जुन्या घंगाळांत झाड लावण्याचा मोह अनेकांस होतो. घंगाळास खालीं भोंक नसतें. झाड मातीच्या कुंडींतच ठेवावें, आणि सणाच्या चार दिवसांपुरती ती कुंडी घासलेल्या घंगाळांत उतरवावी. पितळेच्या पिवळ्या तेजावर जांभळ्या-तांबड्या फळांची जी शोभा दिसते, तिला दुसऱ्या सजावटीची गरज पडत नाहीं.

पानें वर वळून आकसलीं तर फुलकिडे, आणि खालीं वळलीं तर कोळी, असें समजावें. चुरडा-मुरडा म्हणतात तो विकार येथूनच सुरू होतो. पांच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूस सायंकाळीं फवारावा. रोपवाटिकेंतून फळांसकट विकत आणलेल्या झाडाचीं फळें मात्र तोंडांत घालूं नयेत, कारण त्यावर कोणतें विषारी औषध मारलें आहे हें घेणारास समजत नाहीं. घरीं बियांपासून वाढविलेलीं फळें खातां येतात, पण शोभेच्या बऱ्याच जाती जहाल असतात. तिखट द्रव्य फळाच्या आंतील पांढऱ्या गाभ्यांत असतें, आणि तें बोटांवरून डोळ्यांत जावयास क्षणहि लागत नाहीं. रंगीत मण्यांसारखीं दिसणारीं हीं फळें रांगत्या मुलास खेळणींच वाटतात. म्हणून कुंडी उंच कठड्यावर ठेवावी. पक्ष्यांस हें तिखट जाणवत नाहीं. बुलबुल नेमकें सर्वांत लाल फळ उचलतो. तेवढा कर देण्यास हरकत नसावी.

एक गोष्ट मात्र हौसेच्या भरांत विसरली जाते, आणि तिचें नुकसान गच्चीपुरतें राहत नाहीं. शोभेची मिरची व शेतांतील मिरची या बहुधा एकाच जातीच्या वनस्पति आहेत. मधमाश्या एकीच्या फुलावरील पराग दुसरीवर नेतात. कोणी गांवाकडून भिवापुरी मिरचीचें बीं आणून तें शोभेच्या कुंड्यांशेजारीं लावलें, तर त्या वर्षीं येणारीं फळें भिवापुरीसारखींच दिसतात. भेसळ बियांत शिरलेली असते. तें बीं पुढच्या वर्षीं कौतुकानें मामाच्या शेतावर पाठविलें, म्हणजे तेथें आंखूड, उभ्या, कमीअधिक तिखट अशा भलत्याच मिरच्या निघतात. संकरित बियांच्या रेट्यांत जुनें बीं जपणारे शेतकरी आधींच थोडे. त्यांच्या घरांत असलें बीं जाऊं देणें बरें नव्हे.

ज्यांस बीं धरावयाचें असेल, त्यांनीं कळ्या उमलण्यापूर्वींच एक फांदी मलमलीच्या पातळ पिशवींत बांधावी आणि सकाळीं हलकेंच हालवावी. मिरची स्वतःच्याच परागानें फळ धरते. फळें धरलीं कीं पिशवी काढून त्या फळांच्या देंठांस रंगीत दोरा बांधावा, म्हणजे तोडतांना गोंधळ होत नाहीं. फळें झाडावरच पुरतीं तांबडीं होऊं द्यावीं. हातांस तेल चोळून बीं काढावें, सावलींत वाळवावें, आणि कागदी पाकिटावर वाणाचें नांव व साल लिहून कोरड्या जागीं ठेवावें. दोन-तीन वर्षें तें चांगलें उगवतें. दोरा न बांधलेल्या फळांचें बीं गच्चीवरच पेरावें. गांवाकडे पाठवूं नये.